शवासन आणि रक्तदाबाचे यंत्र

शरीर सैल सोडून मज्जासंस्थेला विसावा देण्याची विद्या जुनी असली, तरी तिला मोजमापाची जोड मिळाली ती विसाव्या शतकात, आणि त्या कामाचा बराच भाग मराठी मुलखात झाला. १९२४ मध्ये लोणावळ्यात त्याची पायाभरणी झाली. १९६९ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांचा शवासनावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि एक टप्पा पुरा झाला. या इतिहासातला सर्वांत नामवंत रुग्ण मात्र संकेश्वर-निपाणी पट्ट्यात आजारी पडला होता.

संकेश्वर हे हुक्केरी तालुक्यातले गाव हिरण्यकेशी नदीच्या काठी, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर आहे. ही नदी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. आंबोलीकडे जाणारा रस्ताही संकेश्वरलाच हमरस्त्यापासून फुटतो. गावाची ओळख दोन गोष्टींनी: शंकराचार्य परंपरेचा मठ आणि तिखट लाल मिरची. उत्तरेला कोल्हापूरच्या वाटेवर निपाणी, तंबाखूची पेठ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा भाग मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थाने त्याच्या आसपासच पसरलेली होती.

मनाला आणि अंगाला उतार देणाऱ्या रीती या मुलखाला नव्या नव्हत्या. संध्येत प्राणायाम होता. आयुर्वेदात अभ्यंग आणि शिरोधारा होती. गावोगावच्या देवळांत रात्री उशिरापर्यंत भजन चाले. शवासनाची नोंद पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात मिळते. उताणे निश्चल पडल्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, एवढेच स्वात्माराम तिथे सांगतो. ग्रंथातला हा मजकूर फार थोडा आहे. मत्स्येंद्रासन किंवा मयूरासन यांच्या मानाने शवासनात दाखवण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे पुढची काही शतके त्याकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही.

शरीराच्या आत हा विसावा कसा घडतो हे समजायला आधी मज्जासंस्थेचा नकाशा हवा होता. तो केंब्रिजमध्ये तयार झाला, आणि निपाणीकरांना गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो तंबाखूच्या मदतीने झाला. १८८९ मध्ये जॉन लँगली आणि डिकिन्सन या शरीरशास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या मज्जागंडांवर निकोटिनचा लेप दिला. निकोटिन लागले की त्या गंडातून पुढे जाणारा संदेश थांबतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग एकेक गंड असा बंद करून कोणता धागा कुठे जाऊन मिळतो हे शोधता आले. हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, घामाच्या ग्रंथी यांना इच्छेविना चालवणाऱ्या या यंत्रणेला लँगली यांनी १८९८ मध्ये ‘स्वायत्त’ हे नाव दिले. तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा संकटात हृदयाची गती वाढवते, रक्तवाहिन्या आकसवते आणि पचन मागे टाकते. परानुकंपी शाखा याच्या उलट काम करते. तिचा मुख्य धागा प्राणेशा, म्हणजे व्हेगस मज्जातंतू, हा मेंदूच्या बुंध्यातून निघून छाती आणि पोटापर्यंत उतरतो.

संकटाच्या वेळी शरीर लढायला किंवा पळायला कसे सज्ज होते हे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडले. १९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेली यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. इजा थंडीची असो, विषाची असो वा जखमेची, शरीराचा प्रतिसाद ठरावीक साच्याचा असतो आणि त्यात अधिवृक्क ग्रंथी फुगतात, असे त्यांना आढळले. आजच्या भाषेत ‘ताण’ म्हणतात त्याचा शास्त्रीय पाया हाच. वाघ समोर आला तर ही सज्जता काही मिनिटांत ओसरते. सावकाराचा तगादा, न मिळालेला भाव, घरातले आजारपण अशा गोष्टी महिनोन्‌महिने चालतात, तेव्हा अनुकंपी शाखा पुरती शांत होतच नाही. झोप उडते, पचन बिघडते आणि रक्तदाबही चढा राहू लागतो.

या घडामोडींच्या ऐन मध्यावर लोणावळ्याचे काम उभे राहिले. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा, डभोईचा. बडोद्यात त्यांनी प्रा. माणिकराव यांच्याकडे व्यायामविद्येचे धडे घेतले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे योग शिकले. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले. माधवदासांचे आणखी एक शिष्य योगेंद्र यांनी १९१८ मध्येच मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली होती. कुवलयानंदांचा मार्ग वेगळा होता. योगाने अमुक होते असे परंपरा सांगते, तर ते यंत्राने तपासून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी पाहणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब वातावरणापेक्षा कमी होतो, असे दिसून आले. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले: माधवदास निर्वात.

१९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. पहिल्या काही वर्षांच्या अंकांतच सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाबावर काय परिणाम होतो याच्या नोंदी आल्या. त्या काळात ही साधी बाब नव्हती. दंडाला पट्टी बांधून दाब मोजण्याचे यंत्र रिव्हा-रोत्ची यांनी १८९६ मध्ये काढले होते, आणि कानाने ठोके ऐकून दोन्ही आकडे नोंदण्याची कोरोत्कोव्ह यांची पद्धत १९०५ ची. म्हणजे आसनात पडलेल्या माणसाच्या दंडाला ही पट्टी लागली, तेव्हा ती पद्धतच जेमतेम वीस वर्षांची होती. प्राणायामाबद्दल कुवलयानंदांनी एक लोकप्रिय समजूत बाजूला सारली. खोल श्वासाने खूप प्राणवायू मिळतो म्हणून प्राणायाम हितकर, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई, अजूनही म्हटले जाते. कुवलयानंदांनी प्राणवायूच्या लाभाला दुय्यम ठरवले आणि योगी प्राणायामाकडे मज्जातंतूंचे संस्करण म्हणून पाहतात, यावर भर दिला. पुढच्या संशोधनाची दिशा पाहता त्यांचा हा रोख बरोबर होता असे म्हणावे लागते.

सगळेच इतके सावध नव्हते. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ मध्ये ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि कुंडलिनी म्हणजे उजवी प्राणेशा होय, असा सिद्धांत मांडला. योगी मनगटाची नाडी बंद करून दाखवतात ती याच मज्जातंतूवरच्या ताब्यामुळे, असे त्यांचे म्हणणे. सिद्धांत धाडसी आणि वाचायला रंजक आहे, पण तो टिकला नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन संशोधक यंत्रे घेऊन भारतभर योग्यांना भेटत फिरले. त्यांचा आणि दिल्लीच्या आनंद यांचा निबंध १९६१ मध्ये आला. छातीचे स्नायू आवळून श्वास कोंडला की छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि मनगटाला नाडी लागत नाही. हृदय मात्र धडधडतच असते, हे हृदयालेखात स्वच्छ दिसले. तरीही मराठी वैद्यकातला एक माणूस सुमारे शंभर वर्षांपूर्वी प्राणेशेचे नाव योगाशी जोडून बसला होता, ही नोंद राहतेच.

१९२७ हेच वर्ष निपाणीच्या प्रसंगाचे. खादीसाठी निधी गोळा करत गांधीजी महाराष्ट्राचा दौरा करत होते आणि पुढे कर्नाटकात जाणार होते. वय सत्तावन्न. दिवसाला अनेक सभा, मोटारीचा आणि रेल्वेचा प्रवास, त्यात मार्च महिन्याचा उन्हाळा आणि ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’साठी रोजचे लेखन. मार्चच्या अखेरीस कोल्हापूरच्या कार्यक्रमांत त्यांची प्रकृती ढासळली आणि निपाणीत त्यांना अंथरुणावर पडावे लागले. डॉक्टरांनी अतिश्रम आणि चढलेला रक्तदाब ही कारणे सांगितली व पुढचे कार्यक्रम बंद करायला लावले. दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी, डिसेंबर १९२४ मध्ये, याच जिल्ह्यात बेळगावला काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. आता त्यांना बोलण्याचीही बंदी होती.

निपाणीहून त्यांना थंड हवेसाठी सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला नेण्यात आले. हिरण्यकेशीचे पाणी जिथून संकेश्वरकडे निघते तिथेच त्यांच्या विश्रांतीचे पहिले दिवस गेले. एप्रिलच्या उत्तरार्धात ते म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर गेले आणि जूनमध्ये बंगळूरला उतरले.

रक्तदाब कमी करणारे भरवशाचे औषध १९२७ मध्ये जगात कुठेही नव्हते. डॉक्टर विश्रांती सांगत, मीठ कमी करायला सांगत, झोप यावी म्हणून ब्रोमाइड देत. गांधीजींचा औषधांवरचा अविश्वास जगजाहीर होता आणि स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांना हौसही होती. त्यामुळे कुवलयानंदांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार स्वाभाविकच म्हणायला हवा. शवासन आणि इतर सौम्य आसनांविषयी त्यांनी सल्ला घेतला, करून पाहिले आणि आपल्या अनुभवाचा तपशील स्वामींना कळवत राहिले. एका रुग्णाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही. महिनोन्‌महिने सक्तीची विश्रांती, डोंगरावरची हवा आणि बंद झालेल्या सभा यांनीही दाब उतरला असणार, आणि त्यात शवासनाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. परंतु लोणावळ्यातली नवखी प्रयोगशाळा रक्तदाबाच्या आजारात काही सांगू शकते, ही गोष्ट या पत्रव्यवहारामुळे ठळक झाली.

यानंतर लोणावळ्याला बाहेरचे अभ्यासक येऊ लागले. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी कुवलयानंदांकडे राहून अभ्यास केला आणि १९३७ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा एक निष्कर्ष योगाच्या भक्तांना फारसा रुचणारा नव्हता. प्राणायामानंतर लगेच बेरीज करणे, सांकेतिक लिपी वाचणे अशा बौद्धिक कामांचा वेग घटतो, असे त्यांच्या चाचण्यांत दिसले. मात्र हा मंदपणा त्यांनी तोटा मानला नाही. अंग सैलावल्याची आणि चित्त आत वळल्याची ती खूण आहे, असा अर्थ त्यांनी लावला. कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या जोसेफिन रॅथबोन १९३७-३८ च्या सुमारास कैवल्यधामात राहून गेल्या. पुढे त्यांनी शिथिलीकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पाश्चात्त्य देशांतही तेव्हा या विषयावर काम चालू होते. शिकागोत एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये, तर जर्मनीत योहानेस शुल्ट्स यांनी १९३२ मध्ये आपापल्या पद्धती मांडल्या. जेकबसन स्नायू आधी आवळायला लावून मग सोडायला शिकवत. कुवलयानंदांच्या शवासनात आवळणे नव्हते. एकेका अवयवावर लक्ष न्यायचे, तो ढिला सोडायचा आणि मग श्वासाच्या लयीकडे वळायचे.

दरम्यान औषधांच्या बाजूनेही भारतानेच मोठी भर घातली. सर्पगंधा ही सह्याद्रीच्या जंगलांतही आढळणारी वनस्पती. तिच्या मुळ्या निद्रानाशावर आणि वेडावर देण्याची प्रथा जुनी. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या रक्तदाबावरील परिणामाकडे लक्ष वेधले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरची निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात छापली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनॅलिनचा साठाच हे द्रव्य रिता करते, म्हणून रक्तदाब उतरतो. पण मोठ्या मात्रेत काही रुग्णांना ते खोल उदासीनतेत लोटत असे. पुढे लघवीवाटे मीठ काढणाऱ्या गोळ्या आल्या आणि रेसर्पिन मागे पडले.

औषधे अशी हाताशी आल्यावर शवासनाची खरी परीक्षा झाली. के.ई.एम.चे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि कैवल्यधामचे डॉ. विनेकर यांच्यासह हा अभ्यास हाती घेतला. तो १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. उच्च रक्तदाबाचे ४७ रुग्ण, ३७ पुरुष आणि १० स्त्रिया. रुग्णाने उताणे पडायचे, पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून सुटे, डोळे मिटलेले. पोटाने संथ श्वास घ्यायचा. श्वास आत घेतल्यावर क्षणभर थांबायचे, बाहेर सोडल्यावर थोडे जास्त. मग नाकपुडीपाशी लक्ष ठेवायचे: आत जाणारी हवा गार, बाहेर येणारी उबदार. हे अर्धा तास. बहुतेकांना ते नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागत.

रुग्णांचे तीन गट होते. औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला. औषधाने दाब ताब्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची गरज मूळच्या ३२ टक्क्यांपर्यंत घटली. ज्यांचा दाब औषध घेऊनही नीट आटोक्यात नव्हता अशा १५ जणांपैकी मात्र ६ जणांनाच असा फायदा झाला. डोकेदुखी, चिडचिड आणि निद्रानाश बऱ्याच जणांत कमी झाला. एकंदरीत निम्म्याच्या आसपास रुग्णांना उपयोग झाला आणि उरलेल्यांना झाला नाही, हेही निबंधात स्पष्ट आहे. चिठ्ठ्या टाकून वेगळा तुलनागट ठरवण्याची आजची शिस्त त्यात नव्हती. हा अभ्यासाचा कमकुवतपणा खराच. पण ग्रंथातल्या शवासनाच्या दोन ओळींपासून रुग्णांच्या तक्त्यापर्यंतचे अंतर त्याने कापले होते.

तुलनागटाची उणीव इंग्लंडमध्ये भरून निघाली. क्रॉयडनच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी शवासनासारखे शिथिलीकरण आणि शरीराचे संकेत यंत्रावर दाखवणारी पद्धत यांचा मेळ घातला आणि १९७३ मध्ये २० रुग्णांवरचे अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये दिले. १९७५ मध्ये पटेल आणि नॉर्थ यांनी ३४ रुग्णांची चिठ्ठ्यांनी दोन गटांत विभागणी केली. पद्धत शिकवलेल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. नुसती विश्रांती घेणाऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. नुसते पडून राहणे आणि शिकून सैल पडणे यांत फरक आहे, हे या आकड्यांवरून दिसते. त्याच वर्षी हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचे शिथिलीकरणावरचे पुस्तक अमेरिकेत प्रचंड खपले आणि हा विषय घराघरांत पोचला.

संथ श्वासाने नेमके काय होते याचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. श्वास सोडताना प्राणेशेचा जोर वाढतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. श्वास घेताना ते वाढतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, तर हा चढउतार रक्तदाबाच्या नैसर्गिक लाटांशी जुळतो आणि दाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील होते. २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या गटाने लॅटिन जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणणाऱ्या २३ जणांची तपासणी केली. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहापर्यंत उतरली होती. देवळातल्या रात्रीच्या भजनानंतर शांत झोप लागते असे जुनी माणसे सांगत. भजनाच्या लांब ओळींवर असा अभ्यास कुणी करून पाहायला हरकत नाही.

या विद्येला मर्यादाही आहेत, आणि त्या दाखवायला निपाणीच पुरेशी आहे. ज्या निकोटिनने लँगली यांना नकाशा दिला तेच निकोटिन बिडीच्या झुरक्यातून शरीरात गेले की अनुकंपी शाखेला चाळवते, ठोके आणि दाब दोन्ही वाढवते. बिडी ओढून ‘डोके शांत होते’ असे वाटते ते बहुतेक वेळा तलफ भागल्याचे समाधान असते. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये निपाणीत मोठे आंदोलन झाले. शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. पडलेला भाव आणि फिटत नसलेले कर्ज यांच्यावर श्वासाचा उतारा चालत नाही. त्या ताणाची शरीरावर उमटणारी खूण तेवढी शवासनाने सौम्य होते, आणि तीही रोज अर्धा तास मोकळा मिळणाऱ्या माणसाची. दिवसाला हजार बिड्या वळण्याच्या हिशेबात अडकलेल्या बाईला तो अर्धा तास कोण देणार, हा प्रश्न लोणावळ्याच्या प्रयोगशाळेचा नव्हता.

स्वामी कुवलयानंद १९६६ मध्ये वारले, म्हणजे दाते यांचा निबंध छापून येण्याच्या तीन वर्षे आधी. आज उच्च रक्तदाबाच्या उपचारात औषध, कमी मीठ, चालणे आणि तंबाखू सोडणे यांना पहिले स्थान आहे. शिथिलीकरण आणि संथ श्वसन पूरक उपाय म्हणून त्यांच्या जोडीला येतात. शवासन करणाऱ्यानेही गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारूनच कमी करावी. १९६९ च्या त्या रुग्णांची मात्राही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवली गेली होती.